अदिगे भाषा: लिपी एकीकडे, भाषक दुसरीकडे

एखाद्या भाषेचा इतिहास आपण सहसा तिच्या ग्रंथांवरून मांडतो. वायव्य कॉकेशसमधील अदिगे भाषेच्या बाबतीत ही पद्धत अपुरी पडते, असे आम्हांला वाटते. पन्नासहून अधिक व्यंजने, स्वर मात्र अवघे तीन, आणि कर्ता-कर्म यांच्या खुणा पोटात बाळगणारे लांबलचक क्रियापद, अशी ही भाषा. तिच्या भाषकांना जग सर्केशियन या व्यापक नावाने ओळखते.

१८५० च्या दशकात उमर बेर्सेय यांनी तिफ्लिस येथे अरबी लिपीत या भाषेचे अक्षरओळखीचे पुस्तक प्रसिद्ध केले. वाचक घडावेत, तोच ते देशोधडीला लागले. २१ मे १८६४ रोजी झारशाहीने कॉकेशसमधील युद्ध संपल्याचे जाहीर केले. बहुसंख्य सर्केशियनांना काळ्या समुद्रापार ऑटोमन साम्राज्यात हाकलण्यात आले. भूक, रोगराई आणि बुडालेल्या नौका यांत असंख्य दगावले.

पुढे मूळ भूमीत उरलेल्या थोड्यांच्या वाट्याला लिपी आली, शाळा आल्या. तेमिरगोय बोलीवर साहित्यभाषा उभी राहिली. तेंबोत केराशेव यांनी कादंबऱ्या लिहिल्या, आस्कर हदागात्ले यांनी नार्त वीरकथांचे सात खंड सिद्ध केले. तुर्कस्तानातील बहुसंख्य भाषक मात्र केवळ घरात बोलत राहिले. १९२७ साली अदिगेने लॅटिन लिपी स्वीकारली, १९२८ साली तुर्कीनेही. दोन्ही तीरांना एकच अक्षरे लाभण्याची ती संधी होती. १९३८ साली सोव्हिएत सत्तेने अदिगेवर सिरिलिक लिपी आणली आणि मायकोपला छापलेले पुस्तक तुर्कस्तानातील अदिगे माणसाला परकेच राहिले.

ही केवळ लिपीची गोष्ट नव्हे. अदिगेची भगिनीभाषा उबिख त्याच निर्वासनात तुर्कस्तानात गेली. जॉर्ज द्युमेझील यांच्यासारख्या अभ्यासकांनी तिची नोंद केली. पण ७ ऑक्टोबर १९९२ रोजी तेव्फिक एसेंच वारले आणि ती अस्खलित बोलणारा शेवटचा माणूस गेला. भाषेचे वर्णन ग्रंथांत उरले, संभाषण संपले.

अदिगेवर ती वेळ आलेली नाही. २०१२ पासून तुर्कस्तानातील शाळांत ती ऐच्छिक विषय आहे. इस्राएलमधील क्फार कामा गावातही मुले ती शिकतात. उलट, खुद्द रशियात २०१८ च्या कायद्याने मातृभाषांचे शिक्षण ऐच्छिक झाले. साहित्याचे अभ्यासक म्हणून आम्ही ग्रंथ मोजतो. त्यांच्या भाषेत घरी कोण बोलते, हेही विचारायला हवे.