संदर्भ जनुक

संदर्भ जनुक : जनुकांची अभिव्यक्ती मोजताना ज्या जनुकाची पातळी स्थिर धरून इतर जनुकांची मापे मांडतात, ते जनुक. रिअल टाइम पीसीआर तंत्रात त्याची गरज विशेष असते. पेशींमधून निघणारा आरएनए प्रत्येक नमुन्यात कमीजास्त असतो, काही वेळा त्याचे विघटनही झालेले असते. आरएनएपासून डीएनएची प्रत बनवणारी विक्रिया सगळ्या नळ्यांत सारखीच पार पडते असे नाही. हे फरक संदर्भ जनुकालाही बाधत असल्यामुळे त्याच्या तुलनेत माप मांडले की त्यांचा प्रभाव बराचसा निघून जातो. मात्र प्रयोगात ज्या बदलाचा अभ्यास चालू आहे, त्याचा परिणाम खुद्द संदर्भ जनुकावर होता कामा नये.

पेशीच्या नित्य व्यवहाराला लागणारी ‘हाउसकीपिंग’ जनुके ही अट पाळतात, असे दीर्घकाळ गृहीत धरले गेले. जीएपीडीएच, बीटा-ॲक्टिन आणि १८एस आरआरएनए ही त्यांतली नेहमीची नावे. पण जनुक सतत चालू असते म्हणून ते एकाच पातळीवर चालू असते असे होत नाही, आणि बहुतेक घोटाळे इथेच होतात. जीएपीडीएच हे ग्लुकोजच्या विघटनातील एका विकराचे जनुक आहे. ऑक्सिजन कमी पडला की पेशी या मार्गावर अधिक विसंबतात आणि अनेक पेशीप्रकारांत जीएपीडीएचची अभिव्यक्ती वाढते. कर्करोगाच्या गाठीत ऑक्सिजनची कमतरता अनेकदा आढळते. समजा, अशा नमुन्यात जीएपीडीएच चौपट झाले. पीसीआरच्या प्रत्येक चक्रात डीएनए दुप्पट होतो, म्हणून त्याचा संकेत दोन चक्रे आधी दिसेल. मग जे जनुक मुळीच बदललेले नाही, ते एक चतुर्थांशावर आल्याचे गणित सांगेल. कितीही वेळा प्रयोग केला तरी ही खोटी घट तशीच येत राहील. सुसंगत दिसणारी चूक पकडणे फार अवघड असते.

ॲक्टिन पेशीच्या सांगाड्याचे प्रथिन असल्याने पेशींचा आकार किंवा हालचाल बदलणाऱ्या प्रयोगांत ते संशयास्पद ठरते. १८एस आरआरएनए इतके विपुल असते की विरळ जनुकांशी त्याची तुलना बेभरवशाची होते.

बेल्जियममधील गेंट विद्यापीठाच्या व्हांडेसोंपेले व सहकाऱ्यांनी २००२ मध्ये मानवी नमुन्यांत दहा हाउसकीपिंग जनुके तपासली. एकाच जनुकावर विसंबल्यास सुमारे २५ टक्के वेळा तिपटीहून आणि १० टक्के वेळा सहापटीहून अधिक चूक होऊ शकते, असे त्यांना आढळले. त्यांच्या ‘जीनॉर्म’ पद्धतीचा आधार सोपा आहे : खरोखर स्थिर असलेल्या दोन जनुकांचे गुणोत्तर सर्व नमुन्यांत सारखे राहते. प्रत्येक जनुकाचे इतरांशी असलेले गुणोत्तर किती हलते, त्याच्या सरासरीला ‘एम’ म्हणतात. ज्याचा एम सर्वाधिक, ते जनुक वगळून गणित पुन्हा मांडतात. शेवटी उरलेल्या, शक्यतो किमान तीन, जनुकांचा भूमितीय मध्य संदर्भ म्हणून वापरतात.

या पद्धतीत एक खोट आहे. एकाच नियंत्रणाखाली बरोबरीने वरखाली होणारी दोन जनुके तिला स्थिर वाटतात. म्हणून उमेदवार जनुके वेगवेगळ्या कार्यांतली निवडणे अत्यावश्यक आहे. दोन रायबोसोम-प्रथिनांची जनुके एकत्र घेतली तर चाचणीला अर्थ राहत नाही. डेन्मार्कमध्ये २००४ साली विकसित झालेली ‘नॉर्मफाइंडर’ पद्धत गटांतर्गत आणि गटागटांमधील चढउतार वेगळे मोजते, त्यामुळे रोगी व निरोगी अशा तुलनेत ती अधिक उपयोगी पडते. दोन्ही पद्धतींचे क्रम जुळले नाहीत, तर क्रमांकांची सरासरी काढून मोकळे होण्यापेक्षा मूळ सीटी आकडे (संकेत ठरावीक पातळी ओलांडतो त्या चक्राचे क्रमांक) गटवार पाहणे श्रेयस्कर.

वनस्पतींमध्ये २००५ साली ॲराबिडॉप्सिसच्या संपूर्ण जनुकसंचाची माहिती चाळून पारंपरिक जनुकांपेक्षा स्थिर असे अनेक उमेदवार सापडले. पीपी२ए विकराच्या एका उपघटकाचे जनुक त्यांपैकीच. रिअल टाइम पीसीआरसाठीच्या ‘एमआयक्यूई’ या २००९ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार, त्या विशिष्ट परिस्थितीत जनुक स्थिर असल्याचा स्पष्ट पुरावा दिल्याशिवाय एकच संदर्भ जनुक वापरणे ग्राह्य नाही. ऊतक, औषधाची मात्रा किंवा वाढीची अवस्था बदलली, तर तो पुरावा नव्याने द्यावा लागतो. डिजिटल पीसीआर रेणूंची थेट मोजणी करते, तरी सुरुवातीच्या आरएनएतील तफावत तिथेही राहते. त्यामुळे अभिव्यक्तीची तुलना करताना त्या तंत्रातही संदर्भ जनुके लागतात.