वर्धेचे दोन काठ : नागरिकत्वाच्या इतिहासातील काही पाने

तिवसा तालुक्याच्या पूर्वेकडून वर्धा नदी वाहते. तिच्या काठावर कौंडण्यपूर वसले आहे. रुक्मिणीचे माहेर म्हणून साऱ्या महाराष्ट्रात या गावाला मानाचे स्थान आहे. नदी ओलांडून पलीकडे गेले की आर्वीचा मुलूख लागतो. दोन्ही काठांवर बोली जवळजवळ एकच, कापसाचे पीक तेच, सोयरिकीही एकमेकांत. असे असूनही सुमारे शंभर वर्षे या दोन काठांवरची माणसे कायद्याच्या दृष्टीने दोन निरनिराळ्या सत्तांची प्रजा होती, हे आज सांगितले तर नव्या पिढीला नवल वाटेल.

१८५३ साली हैदराबादच्या निजामाने इंग्रजांच्या फौजेच्या खर्चापोटी थकलेल्या रकमेसाठी वऱ्हाड त्यांच्या ताब्यात दिले. पुढच्याच वर्षी नागपूरच्या भोसल्यांचे राज्य खालसा झाले. नदीच्या पूर्वेकडचा प्रदेश अशा रीतीने ब्रिटिश हिंदुस्थानात समाविष्ट झाला; पश्चिमेकडच्या वऱ्हाडात मात्र कारभार इंग्रजांचा आणि सार्वभौमत्व निजामाचे, अशी दुहेरी व्यवस्था राहिली. १९०२ मध्ये लॉर्ड कर्झनने वार्षिक पंचवीस लाख रुपये खंडाच्या बोलीवर वऱ्हाड कायमच्या पट्ट्याने घेतले आणि १९०३ मध्ये ते मध्य प्रांताला कारभारापुरते जोडले. तरी कागदोपत्री ती भूमी निजामाचीच होती. १९१९ च्या सुधारणा कायद्यानंतर वऱ्हाडचे मतदार नागपूरच्या विधिमंडळासाठी आपले प्रतिनिधी निवडून देत. पण वऱ्हाड ब्रिटिश हिंदुस्थानचा भाग नसल्यामुळे निवडून आलेल्या प्रतिनिधीला सरकार नंतर रीतसर ‘नियुक्त’ करून घेई. १९३६ च्या करारातही निजामाचे सार्वभौमत्व मान्य करण्यात आले आणि त्याच्या थोरल्या पुत्राला ‘प्रिन्स ऑफ बेरार’ ही पदवी मिळाली.

कौंडण्यपूरच्या शेतकऱ्याने आपले गाव सोडले नव्हते. त्याच्या वावराच्या बांधावरून रेघ मात्र अनेकदा सरकली. आपण परके कोण आणि आपले कोण असे विचारतो, तेव्हा माणूस कोठून आला याचाच शोध घेतो. वऱ्हाडचा इतिहास असे सांगतो की, कधी माणूस जागचा हलत नाही आणि रेघच हलते.

हे सारे आज आठवण्याचे कारण असे की, कागदपत्रांवाचून दीर्घकाळ राहत असलेल्या माणसांना नागरिकत्वाची वाट मोकळी करून द्यावी की नाही, हा प्रश्न जगभर लोकमताला अस्वस्थ करीत आहे. अमेरिकेत तो आहे, युरोपात आहे आणि आपल्या देशातही आहे. या प्रश्नाचा विचार करताना आपल्याच घटना समितीत झालेली चर्चा फार उद्बोधक ठरते, आणि त्या चर्चेशी अमरावती जिल्ह्याचा जवळचा संबंध आहे.

१९४९ च्या ऑगस्ट महिन्याच्या १० ते १२ या तारखांना घटना समितीने नागरिकत्वाच्या कलमांवर चर्चा केली. फाळणीची जखम ओली होती. लाखो निर्वासित छावण्यांत होते. पाकिस्तानात गेलेली काही माणसे परत येत होती. या कलमांनी मसुदा समितीला किती डोकेदुखी दिली, हे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी सभागृहात मोकळेपणाने सांगितले. भारतात अधिवास असलेला आणि येथे जन्मलेला, अथवा ज्याच्या माता-पित्यांपैकी एक येथे जन्मला आहे, अथवा जो लगतची पाच वर्षे येथे राहत आहे, तो नागरिक, असा साधा नियम मसुद्यात होता.

त्याला हरकत घेणाऱ्यांत प्रमुख होते डॉ. पंजाबराव देशमुख. अमरावती जिल्ह्यातील पापळ येथे १८९८ साली जन्मलेले, ऑक्सफर्डला शिकलेले, श्री शिवाजी शिक्षण संस्थेच्या द्वारे वऱ्हाडातील बहुजनांच्या मुलांना शाळेची दारे उघडून देणारे हे थोर पुरुष पुढे देशाचे कृषिमंत्री झाले. या मसुद्याने भारताचे नागरिकत्व फारच स्वस्त होईल, असे त्यांचे म्हणणे होते. प्रवासात काही तास थांबलेल्या परदेशी स्त्रीचे मूल केवळ येथे जन्मले म्हणून नागरिक व्हावे काय, असा त्यांचा सवाल होता. त्याचबरोबर, जगात कोठेही राहणारा आणि अन्य राष्ट्राचा नागरिक नसलेला हिंदू अथवा शीख हा भारताच्या नागरिकत्वाला पात्र असावा, अशी दुरुस्ती त्यांनी सुचविली. मुसलमानांना पाकिस्तान मिळाले असताना हिंदू आणि शिखांना हक्काचे घर नको काय, ही त्यामागची भूमिका होती. त्या काळच्या लोकमताचा फार मोठा प्रवाह त्यांच्या मुखातून बोलत होता, हे आपण मान्य केले पाहिजे.

त्याच मध्य प्रांत व वऱ्हाडातून निवडून आलेले दुसरे एक सदस्य होते रुस्तम सिधवा. ते पारशी, मूळचे कराचीचे, त्या शहराचे महापौरपद भूषविलेले. स्वतःचे शहर गमावून आलेला हा गृहस्थ. त्यांनी प्रश्न केला की, दोनच धर्मांची नावे का घ्यावीत? पाकिस्तानात पारशी आहेत, ख्रिस्ती आहेत. त्यांना यावेसे वाटले तर त्यांनी काय करावे? नागरिकत्वाच्या नियमात जमातींची नावे घालूच नयेत, असा त्यांचा आग्रह होता. अल्लादी कृष्णस्वामी अय्यर यांनीही धर्म वा वंश यांवरून माणसामाणसांत भेद करता येणार नाही असे बजावले. पंडित नेहरूंनी उत्तर देताना, प्रत्येक धर्मासाठी वेगळे नियम करणे शक्य नाही, ही भूमिका स्पष्ट केली. देशमुखांची दुरुस्ती स्वीकारली गेली नाही.

समितीने जो मार्ग काढला त्याच्या रचनेकडे वाचकांनी बारकाईने पाहावे. पाकिस्तानातून येणाऱ्यांसाठी १९ जुलै १९४८ ही तारीख ठरली. तिच्या आधी येऊन येथे राहिलेल्यांना वेगळा अर्ज करण्याची गरज नव्हती. त्या तारखेनंतर आलेल्याला दार बंद केले नाही. सहा महिने वास्तव्य करून अधिकाऱ्याकडे अर्ज व नोंदणी करण्याची सोय ठेवली. पाकिस्तानात जाऊन पुनर्वसनाचा परवाना घेऊन परतणाऱ्यालाही जागा ठेवली, आणि त्या सवलतीवर सभागृहात फार कडवट टीका झाली. तारखेची रेघ हवी, कारण रेघेवाचून कायदा चालत नाही; आणि रेघेच्या पलीकडे राहिलेल्यासाठी दारही हवे, कारण दारावाचून न्याय होत नाही. त्या वादळी दिवसांत आपल्या घटनाकारांनी दोन्ही सांभाळले.

वऱ्हाडने त्या रेघेचे फळ पाहिले आहे. अमरावतीचा रामपुरी कॅम्प, अकोल्याचा सिंधी कॅम्प ही नावे अजून त्या काळाची साक्ष देतात. सिंधमधून आलेल्या या कुटुंबांची भाषा निराळी, लिपी निराळी, व्यापाराची रीत निराळी. ठिकठिकाणच्या जुन्या बाजारपेठांतून त्यांच्याविषयी कुरबुर झाली. ‘निर्वासित’ हा शब्द त्या काळी नेहमीच सहानुभूतीने उच्चारला जात नसे. परंतु त्यांच्या हाती नागरिकत्व होते. त्यामुळे दुकानाचा परवाना, मुलांची शाळा, मतदान यांसाठी कोणाच्या मेहेरबानीवर त्यांना अवलंबून राहावे लागले नाही. पुढे शेजार जुना झाला आणि लोकमतही निवळले. येथे क्रम ध्यानात ठेवण्याजोगा आहे. लोकमत अनुकूल होईपर्यंत कायदा थांबला असता, तर ते निवळायला संधीच मिळाली नसती.

रेघ हलल्याचे दुसरे उदाहरण गोव्याचे आहे. १९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला. १९६२ च्या मार्चमध्ये निघालेल्या आदेशाने, २० डिसेंबर १९६१ पूर्वी त्या भूमीत जे स्वतः, वा ज्यांचे माता-पिता वा आजी-आजोबा जन्मले होते, ते सारे भारताचे नागरिक मानले गेले. ज्याला पूर्वीचे नागरिकत्व ठेवायचे असेल त्याने एका महिन्यात तसे लिहून द्यावे, अशी मुभा होती. कांदोळीचे धर्मगुरू फादर चिको मोंतेरो यांनी तसे लिहून दिले आणि ते पोर्तुगीज नागरिक राहिले. राहण्याची मुदत १९६४ मध्ये संपल्यावर त्यांनी ती वाढवून मागितली नाही. परकीय नागरिकांविषयीच्या कायद्याखाली त्यांना शिक्षा झाली. जिनिव्हा कराराचा आधार घेऊन त्यांनी सर्वोच्च न्यायालयापर्यंत दाद मागितली. २६ मार्च १९६९ रोजी न्यायालयाने ती फेटाळली. त्यांच्या राजकीय निष्ठेशी आपण सहमत असण्याचे कारण नाही. पण स्वतःच्याच मातृभूमीत राहणारा माणूस मुदत उलटून राहिलेला परदेशी ठरू शकतो, हे या खटल्याने दाखविले. तेथे त्याने निवड केली होती. पुष्कळांना अशी निवड करण्याची संधीही मिळत नाही.

आता थोडे अमेरिकेकडे वळू. आपली कितीतरी मराठी कुटुंबे तेथे असल्यामुळे हा विषय आपल्या घरांतही बोलला जातो. १९८६ मध्ये अध्यक्ष रेगन यांनी सही केलेल्या कायद्याने, १ जानेवारी १९८२ पूर्वीपासून कागदपत्रांवाचून राहणाऱ्यांना वैध होण्याची संधी दिली. शेतमजुरांसाठीही स्वतंत्र तरतूद होती. सुमारे सत्तावीस लाख लोकांना त्याचा लाभ झाला. परंतु त्या तारखेनंतर आलेल्यांसाठी दार राहिले नाही, आणि पुढे अशा लोकांची संख्या एक कोटीच्या वर गेली. २०१३ मध्ये सेनेटने ६८ विरुद्ध ३२ मतांनी नवे विधेयक मंजूर केले. प्रतिनिधिगृहाने ते विचारातच घेतले नाही.

तेथील लोकमताचे रूप मोठे विलक्षण आहे. गॅलप संस्थेच्या २०२४ च्या पाहणीत ५५ टक्के लोकांनी स्थलांतर कमी करावे असे म्हटले. त्याच पाहणीत ७० टक्के लोकांनी, अटी पूर्ण करणाऱ्या बेकायदा स्थलांतरितांना नागरिक होऊ द्यावे, असेही म्हटले. वर्षभरात, २०२५ मध्ये, पहिला आकडा ३० वर उतरला आणि दुसरा ७८ वर चढला. वरवर पाहता ही उत्तरे परस्परविरोधी वाटतील. मला तशी ती वाटत नाहीत. ‘स्थलांतर’ म्हटले की डोळ्यांपुढे गर्दी येते आणि गर्दीची भीती वाटते. ‘येथे राहणारा, कष्ट करणारा, कर भरणारा माणूस’ म्हटले की शेजारी डोळ्यांपुढे येतो. लोकमताला हे दोन्ही स्वर आहेत; कोणत्या स्वराला हाक घालायची हे प्रश्न विचारणाऱ्यावर अवलंबून असते.

आपल्या देशात १९४९ चा वाद मिटला असे मात्र झाले नाही. आसाम कराराने २५ मार्च १९७१ ही तारीख ठरविली. २०१९ च्या ऑगस्टमध्ये तेथील नागरिक नोंदवहीची अंतिम यादी लागली तेव्हा एकोणीस लाखांहून अधिक अर्जदार तिच्या बाहेर राहिले. २००३ च्या दुरुस्तीने ‘बेकायदा स्थलांतरिता’ला नोंदणीची वाट बंद केली. २०१६ मध्ये पाकिस्तान, बांगलादेश व अफगाणिस्तानातून आलेल्या अल्पसंख्याकांचे अर्ज निकालात काढण्याचे अधिकार काही जिल्हाधिकाऱ्यांना देण्यात आले. त्यांत नागपूर, मुंबई, पुणे आणि ठाणे हे जिल्हे होते. आणि डिसेंबर २०१९ मध्ये संसदेने ठरविले की, या तीन देशांतून ३१ डिसेंबर २०१४ पर्यंत आलेले हिंदू, शीख, बौद्ध, जैन, पारशी आणि ख्रिस्ती हे बेकायदा स्थलांतरित मानले जाणार नाहीत. त्याचे नियम मार्च २०२४ मध्ये निघाले.

सिधवांनी १९४९ साली विचारले होते की पारशी आणि ख्रिस्ती यांची नावे का नाहीत. सत्तर वर्षांनी ती नावे आली. छळाला कंटाळून आलेल्या कुटुंबाला कायद्याचे छत्र मिळाले याचा आनंद आपण का मानू नये? लाहोर वा कराचीच्या वस्तीतून जीव मुठीत धरून आलेल्या ख्रिस्ती बांधवाला त्यामुळे आधार मिळत असेल, तर ते स्वागतार्हच आहे. पण सिधवांचा प्रश्न अर्धाच सुटला. आपले नाव घाला, एवढेच त्यांचे मागणे नव्हते. नावे घालूच नका, असे ते म्हणत होते. छळ सोसणारा माणूस यादीत नसलेल्या पंथाचा असू शकतो, यादीत नसलेल्या देशातूनही येऊ शकतो. पोप बारावे पायस यांनी १९५२ मध्ये स्थलांतरितांविषयी जे धर्मपत्र काढले, त्यात इजिप्तला पळालेल्या नाझरेथच्या कुटुंबाला सर्व निर्वासितांचा आदर्श म्हटले होते. ‘सर्व’ या शब्दाला त्यात अपवाद नाही.

या विषयाची एक बाजू आपल्या धर्मग्रामांच्या कपाटांत आहे. जन्म-मृत्यूच्या सरकारी नोंदणीचा देशव्यापी कायदा १९६९ चा. त्याआधी जन्मलेल्या कितीतरी ख्रिस्ती माणसांच्या जन्माचा जुना लेखी पुरावा म्हणजे देवळातील स्नानसंस्काराची नोंदवही. माता-पित्यांची नावे, तारीख, धर्ममाता-पिता यांची साक्ष, हे सारे तेथे आहे. आपल्याला हे भाग्य लाभले. वऱ्हाडातल्या पालांवर जन्मलेल्या भटक्या-विमुक्तांच्या लेकरांना ते लाभले नाही; पिढ्यान्‌पिढ्या याच मातीत राहूनही जन्माचा कागद दाखवताना त्यांची दमछाक होते. कागद नसणे आणि परके असणे या दोन गोष्टी एक समजण्याची घाई जेव्हा लोकमत करते, तेव्हा पहिला फटका त्यांना बसतो.

म्हणून या प्रश्नावर आपले मत बनविताना दोन गोष्टी विचाराव्यात. ठरविलेल्या तारखेच्या आत जो येतो त्याला कायदा काय देतो, हे एक. आणि त्या तारखेच्या बाहेर राहिलेल्या, पण आपल्यात रुजलेल्या माणसाला अर्ज करण्यासाठी एखादे टेबल तरी ठेवतो काय, हे दुसरे. १९४९ साली, छावण्यांतला आक्रोश कानांवर पडत असताना, आपल्या देशाने ते टेबल ठेवले होते. आज वर्धा नदी ओलांडून आर्वीहून कौंडण्यपूरला येणाऱ्या यात्रेकरूला तू कोणाची प्रजा असे कोणी विचारत नाही. हे घडले ते १९४९ च्या त्या साध्या नियमामुळे. निजामाची प्रजा ठरलेल्या वऱ्हाडी माणसाला त्याने कोणताही कागद न मागता आपले म्हटले.