महाविद्यालय कोणाचें?

शेवगांवसारख्या तालुक्याच्या गांवीं महाविद्यालय उभें राहिलें, म्हणजे गांव त्याला ‘आपलें’ म्हणतें. सरकारी दप्तरांत मात्र त्याची गणना ‘खाजगी’ महाविद्यालयांत होते. पूर्वीच्या अहमदनगर, आतांच्या अहिल्यानगर जिल्ह्यांतील या गांवचें न्यू आर्ट्स, कॉमर्स अँड सायन्स महाविद्यालय जिल्हा मराठा विद्या प्रसारक समाज ही १९१८ सालची संस्था चालविते. पदवी मिळते ती सावित्रीबाई फुले पुणें विद्यापीठाची. चालक खाजगी आणि पदवी सार्वजनिक, हें कोडें उलगडावयाचें तर दीडशें वर्षांहून अधिक मागें जावें लागतें.

सर्व विद्यालयें सरकारनें स्वतः न काढतां खाजगी मंडळींस अनुदान द्यावें, हें धोरण १८५४ च्या वुडच्या खलित्यानें घालून दिलें. १८५७ त मुंबई विद्यापीठ कायद्यानें जन्मास आलें. परीक्षा घेणें व पदवी देणें हेंच त्याचें आरंभीचें काम. १८८५ सालीं डेक्कन एज्युकेशन सोसायटीनें खाजगी प्रयत्नानें फर्ग्युसन कॉलेज काढलें, तरी तेथील विद्यार्थ्यांस पदवी मुंबई विद्यापीठाचीच. शिकविणारा एक व शिक्का देणारा दुसरा, ही घडी तेव्हांची. सरकारी शिक्क्यावांचून चालणें किती कठीण, हें १९२१ त पुण्यास निघालेल्या टिळक महाराष्ट्र विद्यापीठानें अनुभविलें. त्यास ‘अभिमत विद्यापीठ’ हा दर्जा मिळाला तो १९८७ सालीं.

स्वातंत्र्यानंतर १९५६ च्या विद्यापीठ अनुदान आयोगाच्या कायद्यानें, केंद्राच्या वा राज्याच्या कायद्यानें स्थापन झालेली संस्था तें विद्यापीठ, अशी व्याख्या केली. पुणें विद्यापीठ १९४८ च्या कायद्यानें झालें, राहुरीचें कृषी विद्यापीठ १९६८ त. पुढें मात्र खाजगी विद्यापीठेंही राज्याच्याच कायद्यानें निघूं लागलीं आणि ही खूण एकटी पुरेनाशी झाली. महाराष्ट्राच्या १९९४ च्या कायद्याच्या नांवांत नुसता ‘विद्यापीठ’ हा शब्द होता. त्याच्या जागीं १ मार्च २०१७ पासून अमलांत आलेल्या कायद्यानें ‘सार्वजनिक’ हा शब्द नांवांतच घातला.

मौज अशी कीं, जिच्या महाविद्यालयास खाजगी म्हणावयाचें, ती संस्था १९५० च्या कायद्याप्रमाणें ‘सार्वजनिक न्यास’ असते. तिची मालमत्ता कोणा एकाची नव्हे. खाजगी असतें तें व्यवस्थापन, आणि तेंही विद्यापीठाच्या नियमांनीं बांधलेलें.

घरखर्चाच्या दृष्टीनें खरा भेद निराळाच आहे. अनुदानित महाविद्यालयांत मान्य पदांवरील शिक्षकांचें वेतन सरकारी तिजोरींतून येतें. विनाअनुदानित ठिकाणीं तें मुख्यतः फीमधून निघतें. १९८३ पासून विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयें निघालीं. २००२ त सर्वोच्च न्यायालयानें टी. एम. ए. पै खटल्यांत अशा संस्थांस फी ठरविण्याची मोकळीक दिली, पण नफेखोरीची दिली नाहीं. महाराष्ट्रानें २०१५ च्या कायद्यानें व्यावसायिक शिक्षणाच्या फीवर शुल्क नियामक प्राधिकरण बसविलें.

छत्तीसगडांत नुसत्या अधिसूचनेनें निघालेलीं शंभरांवर खाजगी विद्यापीठें २००५ सालीं न्यायालयाच्या निकालानें कोसळलीं, तेव्हां पाटीवरच्या शब्दाची किंमत तेथील विद्यार्थ्यांस कळली. पदवीवर शिक्का कोणाचा, शिक्षकाचा पगार कोण देतो आणि फी कोण ठरवितो, हे तीन प्रश्न ज्या पालकानें प्रवेशापूर्वीं विचारले, त्यास ‘सार्वजनिक’ व ‘खाजगी’ या शब्दांनीं फसण्याचें भय उरत नाहीं.