शेजारची खाट

आत्याचा आजार गुडघ्यातून सुरू झाला, असं आजी सांगायची. लालबागच्या चाळीतली एक खोली, त्यात आम्ही आणि गावाहून मिलमध्ये लागायला आलेले भाऊबंद. पावसाळ्यात एका पोराचा घसा दुखायला लागला की आठवड्याभरात सगळ्यांचा दुखायचा. घसा आपोआप बरा होई, म्हणून त्याकडे कुणी लक्ष देत नसे. आत्या आठ-नऊ वर्षांची असताना असाच घसा बरा झाला आणि दोन-तीन आठवड्यांनी तिला ताप भरला. आधी उजवा गुडघा सुजला, तो उतरतो न उतरतो तोच डावा घोटा, मग मनगट. आजीनं निर्गुडीचा पाला बांधला, शेक दिला. महिन्याभरात सांधे मोकळे झाले आणि आत्या पुन्हा जिन्यावरून पळायला लागली. "दुखणं गेलं असं वाटलं गो," आजी म्हणायची, "ते आत जाऊन बसलं होतं."

आजी शाळेत गेली नव्हती, पण तिनं सांगितलं त्यात काही चूक नव्हतं. घशातल्या स्ट्रेप्टोकोकस जंतूंशी लढण्यासाठी शरीर जी शस्त्रं तयार करतं, ती काही मुलांच्या बाबतीत स्वतःच्याच सांध्यांवर आणि हृदयाच्या झडपांवर चालतात. सांधे सुटतात. झडपा मात्र वर्षानुवर्षं जाड होत, एकमेकींना चिकटत जातात. पाच ते पंधरा या वयात हा ताप येतो, आणि येतो तो मुख्यतः दाटीनं राहणाऱ्या घरांत. युरोप-अमेरिकेत घरं मोकळी झाली, पेनिसिलिन हाताशी आलं, तसा तिथे तो मागे हटला. गिरणगावात एका खोलीत तीन पाळ्यांची माणसं आलटून-पालटून झोपत होती. तिथे तो कुठून हटणार!

लग्न होऊन पहिलं बाळंतपण आलं तेव्हा आत्याच्या हृदयाचं दुखणं उघडं पडलं. गरोदरपणात रक्त वाढतं, आणि अरुंद झडपेतून ते पुढे जाईना. फुप्फुसांत पाणी साठायला लागलं. रात्री ती भिंतीला टेकून बसल्या बसल्या झोपायची. बाळ कसंबसं वाचलं, आणि मग तिचे यजमान, आमचे काका, तिला घेऊन परळला के. ई. एम.मध्ये गेले. चाळीपासून इस्पितळ चालत जाण्याच्या अंतरावर, पण तिला टॅक्सी करावी लागली. तिथल्या डॉक्टरांनी कागदावर चित्र काढून दाखवलं, की झडपेचं तोंड काजाएवढं उरलं आहे. आत्या घरी बसून शर्टांना काजं-बटणं करायची. त्यामुळे तिला ते लगेच कळलं. "काज उसवायचं म्हणजे कातर घालणार का?" तिनं विचारलं. डॉक्टर म्हणाले, "नाही, बोट घालणार."

हे खरोखरच बोटानं करायचं ऑपरेशन होतं. डाव्या बाजूनं बरगड्यांमधून आत जायचं, धडधडत्या हृदयाच्या डाव्या वरच्या कप्प्याला एक छोटा कान असतो त्याला गोल टाका घालून भोक पाडायचं, आणि तर्जनी आत सरकवून चिकटलेली झडप सोडवायची. हृदय थांबवायचं नाही, डोळ्यांना काही दिसत नाही, बोटाला जे कळेल तेवढंच. लंडनमध्ये हेन्री साउटर यांनी १९२५ साली एका तरुण मुलीवर हे करून पाहिलं. मुलगी वाचली, पण त्यानंतर त्यांच्याकडे एकाही वैद्यानं दुसरा रुग्ण पाठवला नाही. पुढे वीस-बावीस वर्षं कुणी त्या वाटेला गेलं नाही. १० जून १९४८ रोजी फिलाडेल्फियात चार्ल्स बेली यांनी एकाच दिवशी दोन वेगवेगळ्या इस्पितळांत दोन ऑपरेशनं ठरवली होती, कारण आधीचे रुग्ण दगावले होते आणि आणखी एक गेला तर आपल्याला थांबवतील हे त्यांना माहीत होतं. सकाळचा रुग्ण गेला. ती बातमी दुसऱ्या इस्पितळात पोहोचण्याआधी त्यांनी तिथलं ऑपरेशन केलं, आणि ती बाई जगली. सहाच दिवसांनी बोस्टनमध्ये ड्वाइट हार्केन यांना यश आलं. महायुद्धात सैनिकांच्या हृदयाजवळ रुतलेल्या गोळ्या आणि छर्रे काढणारे ते हेच.

१० जूनच्या त्या दिवसाबद्दल वाचलं की मला त्या सकाळच्या रुग्णाची आठवण येते. आत्याची वाट त्याच्यावरून गेली आहे.

आत्या दाखल झाली ते १९६८ साल. फेब्रुवारीच्या १६ तारखेला त्याच इस्पितळात डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी भारतातलं पहिलं हृदयारोपण केलं होतं. रुग्ण काही तासच जगला, पण चाळीत त्याची गोष्ट झाली. "सेनसाहेबांनी एकाचं काळीज काढून दुसऱ्याला लावलं," असं आजोबा नाक्यावर ऐकून आले. आजीनं देवासमोर दिवा लावला आणि "आपल्या पोरीला तिचंच ठेवा म्हणावं," एवढाच निरोप काकांकडे दिला.

आत्या ऑपरेशनची गोष्ट सांगायची तेव्हा सर्जनचं वर्णन दोन वाक्यांत आटपायचं. बाकी सगळी गोष्ट शेजारच्या खाटेवरच्या बाईची असायची. ती कराडकडची होती, आत्याच्या आधी काही दिवस तिचं झालं होतं. आत्याला थिएटरात नेण्याच्या आदल्या रात्री ती भिंत धरत धरत आली, खाटेच्या कडेला बसली आणि सरळ पदर बाजूला करून टाके दाखवले. "हे बघ. एवढंच असतंय." मग तिनं सांगितलं, खोकला येईल तेव्हा उशी छातीशी धरायची आणि तिच्यावर खोकायचं. बरगड्यांत दुखेल म्हणून खोकला दाबायचा नाही, कफ अडकला तर ताप येतो. उठताना हातावर जोर द्यायचा नाही, कुशीवर वळून पाय आधी खाली सोडायचे. रडू येईल, कारण नसताना येईल, ते येऊ द्यायचं. डॉक्टरांनी यातलं बरंचसं सांगितलं असेलही. आत्याच्या कानात मात्र ते त्या बाईच्या आवाजात राहिलं.

पुढे दर एकवीस दिवसांनी पेनिड्यूर या पेनिसिलिनचं इंजेक्शन घ्यायला आत्या इस्पितळात जायची. पुन्हा तो ताप येऊन झडप आणखी बिघडू नये म्हणून ते वर्षानुवर्षं घ्यावं लागतं. सुई जाड, औषध दाट, कंबर दोन दिवस ठणकायची. इंजेक्शन झालं की ती लंगडत वॉर्डात जायची आणि जी बाई उद्या-परवा थिएटरात जाणार असेल तिच्या खाटेवर बसायची. तिला हे करायला कुणी सांगितलं नव्हतं. बोस्टनमध्ये १९५१ साली हार्केन यांच्या चार रुग्णांनी त्यांच्याच पाठबळावर नेमकी हीच गोष्ट संस्था म्हणून सुरू केली होती. मेंडेड हार्ट्स हे तिचं नाव. ऑपरेशन झालेल्यांनी ऑपरेशन व्हायचं असलेल्यांना जाऊन भेटायचं, हे तिचं काम, आणि ते आजही चालू आहे. ती माणसंही बहुतेक याच झडपेची होती. हे वाचलं तेव्हा मला फार आनंद झाला. लालबागची आत्या आणि बोस्टनचे ते चौघे यांना एकमेकांचा पत्ता नव्हता, पण जीव वाचल्यावर पहिल्यांदा सुचलं ते दोन्हीकडे एकच.

बोटानं सोडवलेली झडप कायमची सुटत नाही. दहा-पंधरा वर्षांत ती पुन्हा चिकटते. आत्याची चिकटली ती १९८२च्या गिरणी संपात. १८ जानेवारीला संप सुरू झाला, काकांचं साचेखातं बंद पडलं आणि त्याच वर्षी तिला पुन्हा उशीला टेकून झोपावं लागलं. भांडी विकली, गावचा आंबा गहाण पडला, ट्रस्टांच्या दारात अर्ज गेले. शेवटी पैसे जमले आणि हृदय थांबवून, यंत्रावर रक्त फिरवत, तिची झडप बदलली. या वेळी पिंजऱ्यातला चेंडू होता. पोर्टलंडचे सर्जन अल्बर्ट स्टार आणि निवृत्त इंजिनिअर लोवेल एडवर्ड्स यांनी १९६० साली माणसाच्या हृदयात बसवलेली ती बनावट. रात्री चाळ शांत झाली की तिची टकटक ऐकू यायची. मी तिच्या शेजारी झोपायचे आणि ती ऐकत असताना मला कधी भीती वाटली नाही.

त्याच खोलीत वाढल्यावर माझा घसाही दुखला होताच. माझी झडप विशीत निकामी झाली. सर्जननी दोन पर्याय ठेवले. धातूची बसवली तर ती टिकेल, पण रक्त पातळ ठेवणारी गोळी जन्मभर घ्यावी लागेल, आणि ती गोळी पोटातल्या बाळाला, विशेषतः पहिल्या तीन महिन्यांत, घातक ठरू शकते. जनावराच्या ऊतींपासून केलेली बसवली तर गोळी सुटेल, पण तरुण शरीरात तिच्यावर चुना लवकर साठतो आणि ती बदलावी लागते. मला मूल हवं होतं. दुसऱ्यांदा छाती उघडावी लागणार हे माहीत असून मी ऊतींची झडप घेतली. तेव्हा आत्या माझ्या खाटेवर बसली होती. मुलगी झाली. तिला पहिल्यांदा अंघोळ घातली तीही आत्यानंच.

मुलगी सातवीत असताना मला जिना चढवेना. आत्या तोवर गेली होती.

पहिल्या वेळेला माणूस विश्वासावर जातो. दुसऱ्या वेळेला सगळं माहीत असतं, आणि त्या माहितीमुळेच झोप उडते. सर्जननी मला काही लपवलं नाही. पहिल्या ऑपरेशननंतर हृदय छातीच्या मधल्या हाडाला आतून चिकटतं, त्यामुळे करवत चालवताना धोका असतो. आधी सीटी स्कॅन करून हाड आणि हृदय यांत किती जागा आहे ते बघतील. गरज पडली तर लगेच यंत्रावर घेता यावं म्हणून जांघेतल्या रक्तवाहिन्या आधीच तयार ठेवतील. चिकटलेलं सोडवण्यात तास जातील, रक्त जास्त लागेल. हे सगळं मी शांतपणे ऐकलं. मला छळत होतं ते वेगळंच. शुद्धीवर येताना घशात नळी असते, हात बांधलेले असतात, ओरडावंसं वाटतं आणि आवाज निघत नाही. पहिल्या खेपेचा तो वेळ मला स्वप्नात दिसायला लागला होता. नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणायचा, "या वेळी तसं नाही होणार." तो प्रेमानं म्हणायचा, पण तसं होणारच होतं.

इस्पितळातल्या समाजसेविकाबाईंनी एका काकांना माझ्याकडे पाठवलं. बेस्टमधून निवृत्त झालेले, दोनदा छाती उघडलेले. खुर्ची ओढून बसले आणि पहिलंच वाक्य बोलले, "ताई, नळी असणार. हात बांधणार. ते या वेळीही होणार." मला रडू आलं, आणि बऱ्याच दिवसांनी मोकळं वाटलं. मग त्यांनी सांगितलं, की नळी असते तेव्हा यंत्राच्या श्वासाशी भांडायचं नाही, ते देईल तेव्हा घ्यायचा. बोटांच्या खुणा सिस्टरशी आदल्या दिवशीच ठरवून ठेवायच्या, एक बोट म्हणजे दुखतंय, दोन म्हणजे थुंकी काढा. तहान भयंकर लागेल आणि पाणी मिळणार नाही, ओठांवर ओला कापूस मागायचा. आयसीयूत दिवा विझत नाही, म्हणून वेळ विचारत राहायची. आणि दुसऱ्या वेळेला सावरायला पहिल्यापेक्षा जास्त दिवस लागतात, तेव्हा पहिल्या वेळच्या तारखांशी स्वतःला ताडून बघायचं नाही. हे शेवटचं मला दुसऱ्या कुणी सांगितलं नव्हतं. आत्याही सांगू शकली नसती. तिचं पहिलं ऑपरेशन बरगड्यांतून आणि दुसरं मधल्या हाडातून झालं होतं. तीच वाट पुन्हा उघडलेलं माणूस वेगळं.

या वेळी मी चित्रा झडप घेतली. तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा तिरुनाल संस्थेत डॉ. एम. एस. वल्याथन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती घडवली. आधीच्या बनावटी एकामागून एक बाद झाल्या, चौथी टिकली, आणि ६ डिसेंबर १९९० रोजी ती पहिल्यांदा माणसाच्या हृदयात बसली. कृत्रिम सांध्यांत वापरतात त्या कठीण प्लास्टिकची चकती आणि धातूची चौकट. परदेशी झडपेच्या किमतीत आपल्याकडचा गरीब माणूस मरतो, हे त्या सर्जननी रोज पाहिलं होतं. आजवर ती एक लाखाहून अधिक माणसांत बसवली गेली आहे. संपाच्या वर्षी ती असती तर गावचा आंबा गहाण पडला नसता.

आता मी रोज ठरलेल्या वेळी रक्त पातळ ठेवणारी गोळी घेते आणि आयएनआर, म्हणजे रक्त किती पातळ आहे ते सांगणारा आकडा, अडीच ते साडेतीनमध्ये ठेवते. पालेभाजी सोडलेली नाही, रोज साधारण सारखीच खाते. तपासणीच्या दिवशी रांगेत ओळखीचे चेहरे भेटतात. कुणाचा आकडा चढला, कुणाच्या हिरड्यांतून रक्त आलं, कुणी दात काढण्याआधी डॉक्टरांना विचारलं नाही, हे तिथे बोललं जातं. समाजसेविकाबाई अधूनमधून मलाही बोलावतात. परवा एका मुलीला भेटायचं आहे. पंढरपूरकडची, दुसऱ्यांदा छाती उघडणार, घरी दीड वर्षाचा मुलगा. तिनं प्रश्न वहीत लिहून ठेवलेत म्हणे, आणि सगळ्यांत वर आहे, मुलाला कधी उचलता येईल. हाड जुळेपर्यंत, म्हणजे धरून चाल तीन महिने, नाही. पण भिंतीला पाठ टेकून खाली बसायचं आणि कुणाला तरी त्याला मांडीवर आणून द्यायला सांगायचं. हे मी तिला बसूनच दाखवणार आहे.