वर्गातले मासे आणि वरचे पाणी



फ्रान्स देशाच्या पूर्वेकडे व्होझ नावाचा डोंगराळ मुलूख आहे. तेथल्या ला ब्रेस या गावी जोझेफ रेमी नावाचा एक गरीब कोळी राहत असे. डोंगरातल्या थंड ओढ्यांतला ट्राउट मासा पकडावा आणि विकावा, हा त्याचा धंदा. वर्षागणिक मासा कमी होऊ लागला आणि रेमीच्या पोटावर पाय आला. शाळेशी त्याचा संबंध बेताचाच. पण डोळे उघडे होते आणि चिकाटी दांडगी होती. हिवाळ्याच्या तोंडाशी रात्रीच्या रात्री ओढ्याकाठी बसून त्याने पाहून घेतले की मादी खडीत खळगा करून अंडी कशी घालते आणि नर त्यांवर वीर्य कसे सोडतो. १८४२ च्या सुमारास त्याने हेच काम स्वतःच्या हाताने केले. भोके पाडलेल्या पत्र्याच्या डब्यात ती अंडी घालून वाहत्या पाण्यात ठेवली आणि पिल्ले काढली. गावातला एक खानावळवाला, आंत्वान जेएं, त्याच्या जोडीला होता.

याकोबी नावाच्या जर्मन गृहस्थाने हा प्रयोग ऐंशी-एक वर्षे आधी करून प्रसिद्धही केला होता. पण ती वार्ता ला ब्रेसच्या ओढ्यापर्यंत पोचली नव्हती. इकडे पॅरिसच्या विद्वानांना रेमीची दखल घ्यायला त्या दशकाची अखेर उजाडली. पुढे १८५२ साली ऱ्हाईन नदीकाठी ह्युनँग येथे मोठे सरकारी मत्स्यबीज केंद्र निघाले, आणि नाव झाले ते कोस्त या प्राध्यापकाचे. ही तऱ्हा आम्हां कामगारांना नवी नाही. असो.

ही विद्या अमेरिकेत गेली. १८६४ साली सेथ ग्रीन याने न्यूयॉर्क राज्यात कॅलेडोनिया येथे मत्स्यबीज केंद्र काढले. १८७२ साली लिव्हिंग्स्टन स्टोन हा सरकारी अधिकारी कॅलिफोर्नियात मॅक्लाऊड नदीवर जाऊन बसला. तो मुलूख विंटू या आदिवासींचा; त्यांच्याच हातांनी सामन मासे धरले जाऊ लागले आणि त्यांची अंडी दूरदेशी रवाना होऊ लागली. आणि शेवट काय झाला? शास्ता धरण १९४५ साली पुरे झाले. केंद्राची जागा आणि विंटूंची वस्तीची, दफनाची ठिकाणे पाण्याखाली गेली. सामनांची वाट त्या भिंतीशी संपली.

त्या काळच्या पुष्कळ कारभाऱ्यांची समजूत अशी होती की मासे हौदात काढता येतात, तर नदीची एवढी फिकीर कशाला? जंगल तोडा, बांध घाला, गिरणीची घाण सोडा. मासा कमी पडला तर केंद्रातून आणून ओतू. मी ज्या कारखान्यात युनियनचे काम केले, त्यांपैकी एका ठिकाणी यंत्राला जाळी बसवा म्हणून आम्ही दोन वर्षे मागत होतो. व्यवस्थापनाने जाळी बसवली नाही. मलमपट्टीची एक सुंदर खोली मात्र बांधून दिली. मत्स्यबीज केंद्रांचा इतिहास वाचताना मला ती खोली वारंवार आठवली.

आता आजच्या विषयाकडे येतो. अमेरिकेत आणि कॅनडात हजारो शाळांच्या वर्गांत दरवर्षी मुले माशांची पिल्ले वाढवतात आणि वसंतात नदीत सोडतात. या कामाच्या पाठीशी जे स्वयंसेवक असतात, त्यांतले बरेचसे ट्राउट अनलिमिटेड या संस्थेचे सभासद. मिशिगन राज्यात ओ-सेबल नदीच्या काठी १९५९ साली काही गळकऱ्यांनी ही संस्था स्थापली. मौज अशी की त्यांची मूळ तक्रारच हौदातल्या माशांविरुद्ध होती! सरकारने पाळीव मासे ओतत बसण्यापेक्षा नदी राखावी, रानटी मासा आपोआप राहील, असे त्यांचे म्हणणे. तीच माणसे आज शाळेत काचेची पेटी घेऊन येतात. याला विसंगती म्हणावे काय? ज्यांच्या पेटीत काय होते हे पाहाल तर मला वाटते, म्हणू नये.

न्यूयॉर्क राज्यात शरद ऋतूत सरकारी केंद्रातून शे-दोनशे अंडी एकेका वर्गात येतात. अंड्यात पिल्लाचे डोळे दोन काळ्या ठिपक्यांसारखे दिसू लागलेले असतात. त्याआधी ती हलवली तर मरतात. पेटी सुमारे दोनशे लिटरची. पाणी दहा-बारा अंश सेल्सियसच्या आसपास ठेवावे लागते, म्हणून तिला गारवा देणारे यंत्र जोडलेले. पिल्लू बाहेर येते तेव्हा पोटाखाली बलकाची पिशवी घेऊनच येते, आणि ती शिदोरी संपेतो तोंडाने काही खात नाही. मग खाणे सुरू होते, आणि संकटही. मुले प्रेमापोटी जास्त खाऊ टाकतात. तो कुजतो, माशांची विष्ठा साचते, अमोनिया होतो. अमोनियाचे आधी नायट्राइट आणि मग त्या मानाने निरुपद्रवी नायट्रेट करणारे सूक्ष्म जंतू गाळणीत वाढायला काही आठवडे लागतात. त्यापूर्वी घाई केली, किंवा शनिवार-रविवारच्या सुट्टीत यंत्र बंद पडले, की सोमवारी मेलेले मासे. नदीत हे सारे काम खडी, शेवाळ, झाडाची सावली आणि वाहते पाणी फुकट करीत असते. पेटीत त्या प्रत्येकासाठी एकेक यंत्र विकत घ्यावे लागते आणि त्यावर माणूस बसवावा लागतो. दहा वर्षांच्या पोराला हा हिशेब कळतो.

न्यूयॉर्क शहरात हे काम १९९७ साली जोन स्टोलियार या बाईंनी उभे केले. त्या शहराचे पाणी १२५ मैल दूरपर्यंतच्या डोंगरांतून येते. त्या पाण्याचा इतिहास गोड नाही. १९०५ च्या कायद्याने शहराला कॅटस्किल डोंगरात जमिनी घेण्याचा हक्क मिळाला. अशोकन तलावासाठी सुमारे दोन हजार माणसे उठवली गेली. थडग्यांतली हाडेसुद्धा उकरून दुसरीकडे नेली. १९५० आणि ६० च्या दशकांत पेपॅक्टन आणि कॅननस्विल तलावांखाली आणखी गावे गेली. वरच्या माणसांचा शहरावरचा राग पिढ्यान्‌पिढ्या टिकला. मग १९८९ च्या केंद्रीय नियमाने शहरापुढे प्रश्न टाकला: पाणी गाळण्याचा अब्जावधी डॉलरचा कारखाना बांधा, नाही तर पाणलोट स्वच्छ ठेवून दाखवा. कॅटस्किल आणि डेलावेअरच्या पाण्यापुरता शहराने दुसरा मार्ग पत्करला. पण डोंगरातला शेतकरी ऐकेल तेव्हा ना? पुष्कळ भांडणानंतर जानेवारी १९९७ मध्ये करार झाला. शहराने वरच्या गावांच्या सांडपाण्यासाठी, शेतांसाठी पैसा द्यायचा आणि जमीन घ्यायची ती विकणाऱ्याच्या राजीखुशीने, जबरदस्तीने नाही.

त्याच वर्षी शहरातल्या आणि डोंगरातल्या शाळांच्या जोड्या लावून वर्गांत ट्राउट आले. शहरातले मूल नळ उघडते, वरचे मूल त्याच नळाच्या उगमाशी राहते. दोघांच्या वर्गात एकाच जातीची पिल्ले. दोघे एकमेकांना पत्रे लिहितात. वकिलांनी वर्षानुवर्षे वाटाघाटी केल्या त्या करारात हे कलम नव्हते. माझ्या मते ते असायला हवे होते.

येथे दोन गोष्टी स्पष्ट सांगितल्या पाहिजेत. पहिली, या पोरांच्या माशांनी नदी भरत नाही. सरकारी केंद्रे सोडतात त्यापुढे हा आकडा चिमूटभर; आणि सोडलेल्या पिल्लांतली बहुतेक बगळ्यांच्या नि मोठ्या माशांच्या पोटी जातात. शिवाय पुष्कळ वर्गांत असतो तो ब्राउन ट्राउट तिथला मूळ रहिवासीही नव्हे. १८८३ साली जर्मनीहून अंडी आली, त्यांचा हा वंश. तेव्हा परवानगीशिवाय, वाटेल त्या ओढ्यात मासा सोडता येत नाही, आणि ते योग्यच आहे. दुसरी गोष्ट स्वयंसेवकांची. म्हातारा गळकरी सुट्टीच्या दिवशी शाळेत येऊन पंप दुरुस्त करतो, त्याला माझा नमस्कार. पण शाळेला विज्ञानाचा शिक्षक न देता त्याच्या जागी हौशी माणूस उभा करायचा, असे कोणी म्हणू लागला तर तेथे युनियनने आडवे पडले पाहिजे.

वसंतात बस निघते. शहराच्या मुलांना क्रोटनच्या पाणलोटातल्या एखाद्या ओढ्यावर नेतात. आधी पाण्याचे तपमान मोजायचे, दगड उलटून खालचे किडे पाहायचे. किडा नसेल तर मासा खाणार काय? मग बादलीत ओढ्याचे पाणी थोडे थोडे मिसळून पिल्लांना सवय करायची. त्यानंतर प्रत्येकाच्या हाती एक पेला, पेल्यात बोटाएवढे एक पिल्लू. पेला पाण्याखाली धरून तिरपा करायचा, फेकायचा नाही. पिल्लू क्षणभर प्रवाहाकडे तोंड करून थांबते आणि दगडामागे जाते. काही वर्ग त्याच दिवशी काठावर विलोच्या फांद्या रोवतात, कारण सावली गेली की उन्हाळ्यात पाणी तापते आणि ट्राउट मरतो. त्या फांद्यांची सावली पाण्यावर पडायला काही वर्षे लागतात. तोवर ही मुले शाळा सोडून गेलेली असतात, आणि पेटीत दुसऱ्या मुलांची अंडी असतात.