फिरत्या नाटकघरातलं स्वयंपाकघर

गेल्या महिन्याच्या बैठकीत बचतीचा हिशोब लवकर आटोपला, म्हणून आम्ही सगळ्याजणींनी मोबाइलवर एक नाटक बघितलं. त्यात जिवंत माणूस एकही नाही, सगळ्या यंत्राच्या बाहुल्या. बोलतात, मान वळवतात, हात हलवतात. अमेरिकेत फ्लोरिडा राज्यात डिस्ने वर्ल्ड नावाची मोठी करमणूकनगरी आहे, तिथे हा खेळ अजून चालतो. नाव ‘कॅरोसेल ऑफ प्रोग्रेस’. कॅरोसेल म्हणजे आपल्या जत्रेतला लाकडी घोड्यांचा गोल पाळणा.

वॉल्ट डिस्ने यांनी हा खेळ १९६४ साली न्यू यॉर्कच्या जागतिक प्रदर्शनासाठी बनवला. पैसा होता जनरल इलेक्ट्रिक कंपनीचा, विजेची उपकरणं विकणाऱ्या. यात रंगमंच जागचा हलत नाही, प्रेक्षकांच्या खुर्च्याच त्याच्याभोवती फिरतात. एकाच कुटुंबाचं घर चार काळांत दिसतं. पहिलं १९०० च्या सुमाराचं, मग १९२० नंतरचं, मग १९४० नंतरचं, आणि शेवटी ‘आजचं’.

आम्ही सर्वांत जास्त थांबलो ते पहिल्या घरात. विजेचा दिवा नाही. घरधनी कौतुकानं सांगतो की आता विहिरीवर जायला नको, हातपंप थेट स्वयंपाकघरात आलाय. कपडे धुवायला पूर्वी दोन दिवस जायचे, नव्या यंत्रावर पाच तासांत होतात. बायको म्हणते, हो ना, आता मला विरंगुळ्याला वेळ मिळतो. विरंगुळा कसला, तर फळं-भाज्या टिकवून बरण्यांत भरणं आणि चूल घासून चकचकीत करणं! इथे आमच्यात जो हशा पिकला, तो त्या अमेरिकन प्रेक्षकांच्या हशापेक्षा वेगळा असणार. कारण त्यांना तो प्रवेश पणजीच्या काळातला. आमच्यातल्या दोघी त्याच सकाळी हंडे घेऊन टँकरच्या रांगेत होत्या. एक आजी म्हणाल्या, “ही बाई आपल्या पुढंच आहे की गं.”

आता खेळ जुना झाला की त्याचं काय करायचं, हा प्रश्न. पहिली तीन घरं जुनी होत नाहीत, कारण ती जुनीच आहेत. पंचाईत चौथ्याची. ‘आज’ फार लवकर शिळा होतो. १९६७ मध्ये खेळ कॅलिफोर्नियाच्या डिस्नेलँडला गेला, १९७५ मध्ये फ्लोरिडाला आला, आणि तेवढ्यात नि त्यानंतरही चौथं घर अनेकदा बदललं. शेवटचा मोठा बदल १९९४ चा. त्यात मोटारीतल्या फोनचं नवल सांगतात. आज आपल्या प्रत्येकीच्या पिशवीत फोन आहे.

गाणंसुद्धा बदललं होतं बरं का. मूळ गाणं शर्मन बंधूंनी रचलेलं, उद्याचा दिवस फार सुंदर असेल असं सांगणारं. कंपनीला ते पटेना. लोक उद्याची वाट बघत बसले तर आज फ्रिज कोण घेणार? म्हणून १९७५ ला त्याच बंधूंकडून नवं गाणं करून घेतलं, आजचाच काळ सर्वांत चांगला असं सांगणारं. १९८५ मध्ये कंपनीनं हात काढून घेतला, आणि १९९४ ला जुनं गाणं परत आलं. आम्हाला वाटतं, या खेळाची खरी दुरुस्ती हीच झाली. आशा राहिली, विक्री गेली.

दुसरा मार्गही असतो. त्याच नगरीत ‘होरायझन्स’ नावाचा खेळ १९८३ ला सुरू झाला, पुढचा काळ कसा असेल ते दाखवणारा. १९९९ ला तो बंद केला आणि नंतर इमारतच पाडून टाकली. तिथे आता अंतराळात उडाल्याचा भास देणारं यान आहे. झालं, विषय संपला.

चौथ्या घरात आम्हाला एक गोष्ट मात्र आवडली. घरातलं सगळं बोलण्यावर चालेल अशी व्यवस्था बायकोनं जमवली आहे आणि ॲप्रन बांधून स्वयंपाक नवरा करतोय. आजी नातवाबरोबर यंत्रावर खेळ खेळते, मोठ्यानं गुण सांगतात, आणि भट्टी ते आकडे ऐकून तेवढी तापते. नाताळची मेजवानी करपते. आमच्या आजी पोट धरून हसल्या. म्हणजे १९९४ ला दुरुस्ती करणाऱ्यांनी नुसती उपकरणं बदलली नव्हती, चुलीजवळचा माणूस बदलला होता.

हे महत्त्वाचं का, ते रूथ श्वार्ट्झ कोवन या अमेरिकन इतिहासकार बाईंनी १९८३ च्या आपल्या पुस्तकात मांडलंय. यंत्रं आली, तरी घरच्या बाईचं काम कमी झालं नाही. कपडे धुणं सोपं झालं, तसे कपडे जास्त वेळा धुतले जाऊ लागले. पूर्वी लाकूड फोडणं पुरुषाकडे होतं, गॅस आला आणि त्याचं काम गेलं, बाईचं राहिलं. आमच्या गटातल्या जिच्या घरी मिक्सर आला, तिच्याकडे आता रोज दोन चटण्यांची फर्माईश असते.

त्यामुळे ही जुनी नाटकघरं पाडू नयेत, तशीच्या तशी धूळ खातही ठेवू नयेत, असं आम्हाला वाटतं. पहिली तीन घरं जपावीत. तिथे बसलेल्या मुलीला कळतं की हे बदललंय, म्हणजे हेही बदलेल. चौथं घर दर काही वर्षांनी नवं करावं, आणि ते करताना फोन कुठला ठेवायचा याआधी भांडी कोण घासतंय ते ठरवावं.

बैठक संपल्यावर आम्ही आपापलं चौथं घर सांगायचं ठरवलं. पहिलीच म्हणाली, नळाला रोज पाणी. दुसरी म्हणाली, सातबाऱ्यावर माझं नाव. तिसरी बराच वेळ गप्प होती, मग म्हणाली, दुपारी अर्धा तास झोप, आणि कुणी हाक मारायची नाही. तुमच्या गटातही विचारा, आणि लिहून आमच्या केंद्रावर पाठवा. पुढच्या भागात वाचून दाखवू.