फावडे दात, तारा आणि आपण

गेल्या आठवड्यात लेकीला घेऊन जिल्ह्याच्या गावी दातांच्या डॉक्टरांकडे जाऊन आलो. तारा बसवायच्यात. दीड-दोन वर्षं, दर महिन्याला एक फेरी आणि खर्च चाळीस हजार. बाहेर बाकावर नऊ पोरं बसली होती, त्यात आठ मुली. पत्रकाराची खोड, मोजल्याशिवाय राहवत नाही.

माझे स्वतःचे दात पुढे आहेत. शाळेत नाव 'फावड्या'. यावर काही इलाज असतो हे घरात कुणाच्या डोक्यातही आलं नाही. दात दुखला तर डॉक्टर, तोही सहन होईना तेव्हा.

दात सरळ करण्याची खटपट मात्र जुनी आहे. पॅरिसच्या पिएर फोशारनी १७२८ च्या ग्रंथात धातूची पट्टी लावून, दोऱ्याने बांधून दात ओळीत आणायची रीत दिली. त्याचं शास्त्र बनवलं अमेरिकेच्या एडवर्ड अँगलनी. १८९९ साली त्यांनी वरची आणि खालची दाढ एकमेकींवर कशी बसते यावरून तीन वर्ग पाडले. आजही डॉक्टर कागदावर 'क्लास टू' लिहितात ते त्यांचंच. आता गंमत बघा. चेहरा कसा असावा याचा नमुना म्हणून अँगलसाहेबांनी धरला होता अपोलो बेल्व्हेडिअर, म्हणजे एका देवाचा संगमरवरी पुतळा! आणि आपल्याकडे एकेकाळी बायका दातवण लावून दात मुद्दाम काळे करत. तेव्हा ते देखणं होतं.

अँगल एकही दात काढायच्या विरोधात होते. त्यांचाच शिष्य चार्ल्स ट्वीड याला दिसलं की काही पेशंटचे दात पुन्हा पुढे येतात, ओठ नीट मिटत नाहीत. त्याने अशांच्या चार उपदाढा काढून पुन्हा उपचार केले आणि १९४० च्या सुमारास ते जाहीर मांडलं. मोठं भांडण झालं. आज डॉक्टर 'चार दात काढावे लागतील' म्हणतात त्यामागे ही एवढी कथा आहे. आणि इथेच आपली निम्मी माणसं उठून घरी जातात. कारण वरचा दात काढला की नजर जाते! हे मी शिकल्यासवरल्या लोकांकडूनही ऐकलंय. दाताच्या आणि डोळ्याच्या नसा वेगळ्या आहेत हो, दात काढल्याने चष्मा लागत नाही.

दुसरी भीती दिसण्याची. पूर्वी प्रत्येक दाताभोवती धातूचं कडं बसवावं लागे, तोंड म्हणजे लोखंडाचं दुकान. १९५५ मध्ये बुओनोकोर यांनी दाताचा पृष्ठभाग आम्लाने किंचित खरखरीत करून त्यावर चिकटवायची युक्ती काढली, आणि सत्तरच्या दशकापासून कड्याच्या जागी छोटे ठोकळे चिकटवू लागले. तरी २००३ साली टीव्हीवर 'जस्सी जैसी कोई नहीं' लागली तेव्हा कुरूप मुलगी दाखवायची तर चष्मा आणि तारा, एवढं पुरलं. त्या वेळी आमच्या गावात एका मुलीने अर्ध्यावर तारा काढून टाकल्या होत्या. आज त्याच तारा लावून पोरी मोबाईलवर फोटो टाकतात, कारण तारा म्हणजे घरात पैसा आहे.

पैसा हीच खरी गोम. ब्रिटनमध्ये १९८९ साली गरजेची एक मोजपट्टी तयार झाली. अठरा वर्षांखालच्या मुलाची गरज त्या पट्टीवर पुरेशी ठरली तर खर्च सरकार करतं, नुसतं दिसायला हवं असेल तर नाही. आपल्याकडे साध्या आरोग्य विम्यात तारा सहसा बसत नाहीत. मुंबईत नायरचं दंत महाविद्यालय १९३३ पासून आहे, सरकारी दंत महाविद्यालयांत फी कमी असते, पण वर्षातून बारा वेळा तिथवर जायचं म्हणजे भाडं आणि बुडालेली रोजंदारी. त्यामुळे गरज कुणाची हे ठरवायला आपल्याकडे एकच पट्टी उरते, लग्नाची. म्हणून बाकावर आठ मुली.

मुलीच्या दातांवर खर्च होतोय याचा राग नाही. पण वरचे दात फार पुढे असले तर पडल्या-धडपडल्यावर ते तुटायचा धोका जास्त असतो, ही गोष्ट दंतवैद्यकात पक्की आहे. आणि कबड्डीत, सायकलवर, झाडावरून पडणारं कोण असतं आपल्या घरात?

माझा भाचा बारा वर्षांचा. दात माझ्यावर गेलेत. ताईला विचारलं तर म्हणाली, "पोराला काय करायचंय? त्याला मिलिटरीत जायचंय, तिथं दात काढलेले चालत नाहीत म्हणे." तिला समजावलं, भरतीत दातांना गुण असतात, किमान चौदा लागतात. पूर्ण बत्तीशीचे बावीस होतात, चार उपदाढा गेल्या तरी वीस उरतात. ऐकून घेतलं. मग म्हणाली, "बरं, ने पुढच्या फेरीला. पण एसटीचं भाडं तू दे."

गुरुवारी सातच्या गाडीने दोघांना घेऊन निघतोय.